जाळीच्या टॉपला कंबर द्यायची कशी?

काकू, नमस्कार. मी राजारामपुरीत राहते. विणकाम आईकडून शिकले. स्वेटर, टोपी, मोजे सगळं येतं. यंदा पहिल्यांदाच सुती दोऱ्यात जाळीचा टॉप विणला, अर्ध्या बाह्यांचा, पानांच्या नक्षीचा. अंगात घातला तर नुसता लोंबतो, छातीपासून खाली सरळ. म्हणून दुसरा विणताना दोन्ही कडांना टाके कमी करत गेले, तर कडेची पानं मोडली, भोकं भलतीकडेच पडायला लागली. शेवटी कडेला साधंच विणून टाकलं. आणि एकदा धुतल्यावर तो अरुंद केलेला भाग नेमका पोटावर येऊन बसला. माझी उंची पाच फूट, छाती 36, कंबर 32, सीट 39. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट थोडं पुढे आहे. सासूबाई म्हणतात, ‘जाळीला कुठली आली कंबर? सैलच विण, पोट झाकलं जाईल.’ आमचे टेलर म्हणतात, ‘आणा इकडं, साइडनं शिलाई मारून देतो.’ मला दिवाळीत घालायचाय. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी

अगं, दोन टॉप विणून झालेत आणि तरी तिसरा विणायची तुझी तयारी आहे, याचंच मला आधी कौतुक वाटलं. तिसरा नक्की जमेल. तुझ्या दुसऱ्या टॉपमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्यात आणि तू त्या एकच समजतेयस. पानं मोडली ती टाके चुकीच्या जागी कमी केल्यामुळे. कंबर पोटावर उतरली ती सुताच्या वजनामुळे. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत, म्हणून एकेक घेऊ.

सासूबाईंचं म्हणणं आधी. त्यांचा हेतू चांगला आहे, पण सैल टॉपने पोट झाकलं जात नाही. जाळीचं कापड छातीच्या सगळ्यांत पुढच्या ठिकाणापासून सरळ खाली लोंबतं, मग बघणाऱ्याला छातीएवढीच रुंद कंबर दिसते आणि पोट आहे त्याहून मोठं वाटतं. उलट घट्ट विणलास तर पोटावर जाळी ताणली जाते, तिथली भोकं बाकीच्यांपेक्षा मोठी होतात आणि नजर नेमकी तिथेच जाते. म्हणून जाळीत अंगाबरोबर मापाचा टॉप करायचा नाही. छातीला दोनेक इंच आणि कंबरेला तीन-साडेतीन इंच सैल ठेवायचा. सीटला अगदी अर्धा इंच जास्त असला तरी चालतं, कारण तिथे टॉपची खालची कड सुटी असते.

आता कंबर कुठे आहे ते शोध. पातळ नाडी कंबरेभोवती बांध, फार आवळू नको. एकदा डावीकडे वाक, एकदा उजवीकडे. नाडी सरकत सरकत जिथे स्थिर होईल ती तुझी कंबर. परकराची नाडी आपण जिथे बांधतो ती जागा बहुतेकींची खऱ्या कंबरेच्या खाली असते, तिथून माप घेऊ नकोस. पाच फूट उंचीत हे अंतर फार महत्त्वाचं ठरतं. उंच बाईला एक इंच इकडेतिकडे खपून जातो, तुला नाही. नाडी तशीच ठेवून काखेपासून नाडीपर्यंतचं अंतर बाजूने मोज. त्यातून एक इंच वजा कर, कारण टॉपचा मुंढा काखेत रुतून चालत नाही, इंचभर खाली लागतो. तुझ्या उंचीला हे माप वजा करून सातच्या आसपास येईल असं मी धरते. कमी-जास्त आलं तर पुढचे आकडे त्याप्रमाणे बदल.

आणखी एक माप तू दिलेलं नाहीस, ते म्हणजे पोटाचं. नाडीच्या तीन इंच खाली टेप आडवी धरून मोज. बायका हे माप घ्यायचं टाळतात, मला ठाऊक आहे. पण टॉप या मापावर बसतो किंवा बिघडतो, त्यामुळे श्वास न रोखता, सरळ उभी राहून घे.

दुसऱ्या टॉपची कंबर खाली का उतरली? लोकरीला लवचिकपणा असतो, ताणली तरी ती परत आकसते. सुताला तो जवळजवळ नसतो, शिवाय सूत वजनाला जड. जाळीत भोकं असल्यामुळे टाक्यांना खाली सरकायला जागाही मिळते. मग टॉप स्वतःच्याच वजनाने लांब होतो. टॉप सुईवर असताना तू टेप लावून सात इंच मोजलेस, आणि ते धुऊन अंगावर चढल्यावर सातच राहतील असं धरलंस. ते राहत नाहीत. समज, एका इंचात 8 ओळी बसतात असं तू धरलंस आणि लोंबल्यावर प्रत्यक्षात साडेसातच बसल्या. तर 56 ओळी सात इंचांऐवजी जवळजवळ साडेसात इंच भरतात. अर्धा इंच इथेच गेला. खालच्या भागाचं ओझं त्यात धर, खांद्याच्या शिवणीची ताण धर, की कंबर सहज इंचभर खाली येते.

म्हणून नमुना विणल्याशिवाय टाके घालू नकोस. आणि नमुना म्हणजे चार बोटांचा तुकडा नव्हे, निदान आठ इंच रुंद आणि आठ इंच लांब, ज्या जाळीत टॉप विणायचाय त्याच जाळीत. तो धू, पिळू नको, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब, पसरून वाळव. मग वरच्या कडेला तीन-चार चिमटे लावून दोरीवर टांग आणि खालच्या कडेला दोन-तीन स्टीलचे चमचे चिमट्याने अडकव. रात्रभर तसाच राहू दे. सकाळी टांगलेल्या स्थितीतच इंचातले टाके आणि ओळी मोज. जे आकडे निघतील तेच खरे, त्यावरच सगळा हिशोब कर.

आता मोडलेली पानं. जाळीच्या विणकामात दोरा पुढे घेऊन एक भोक पाडलं की सुईवर एक टाका वाढतो. तो परत कमी करायला जवळच कुठेतरी दोन टाके एकत्र विणलेले असतात. भोक आणि त्याचं जोडीदार ‘दोन एकत्र’ अशी जोडी असते, आणि पानाचा आकारही त्यातूनच येतो: भोकाने पान रुंदावतं, दोन एकत्रने त्याची कड तिरकी होते. कडेला तू टाका कमी केलास, तेव्हा कडेच्या पानातल्या एका जोडीतला एक जण गेला. दुसरा राहिला. मग एका ओळीत टाका जास्त, दुसरीत कमी, आणि पान वाकडं. कडेला टाके घटवायचे असतील, तर ज्या जोडीतले दोघंही पूर्ण मावत नाहीत ती जोडीच सोडून तिथे साधे सुलट टाके विणायचे, असा नियम आहे. नियम बरोबर आहे, तूही शेवटी तेच केलंस. पण त्याने कडेला साध्या विणकामाचा त्रिकोण तयार होतो. बाह्या खाली सोडून उभी राहिलीस तर तो लपतो. हात वर केलास की जाळीत ठिगळ लावल्यासारखा दिसतो. मला तो आवडत नाही आणि तुझ्यासारख्या नीट हाताच्या मुलीने तो करू नये असं मला मनापासून वाटतं.

त्यापेक्षा आकार जाळीत शिरूच देऊ नकोस. पानांच्या प्रत्येक दोन उभ्या रांगांमध्ये उलट टाक्यांची बारीक पट्टी ठेव, आणि कमी-जास्त करायचं ते सगळं त्या पट्टीत कर. पानं खालपासून वरपर्यंत एकाच मापाची, एकही जोडी मोडत नाही. उलट टाके नक्षीपेक्षा आत दबलेले असतात, त्यामुळे तिथे एखादा टाका कमी झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते एवढंच, की पानांच्या रांगा खाली एकमेकींपासून लांब आहेत, कंबरेशी जवळ येतात आणि छातीकडे पुन्हा फाकतात. प्रिन्सेस कट ब्लाऊजच्या उभ्या शिवणी बाईला जशी बारीक दाखवतात, तसंच काम या रांगा करतात. म्हणून प्रत्यक्षात तीनच इंच कमी केले, तरी डोळ्याला त्याहून जास्त कमी झाल्यासारखं वाटतं. कडेला कमी केलेले तीन इंच समोरून कुणाला दिसतच नाहीत.

तुझ्या मापाने हिशोब करून देते. तुझं पान किती टाक्यांचं आहे ते तू लिहिलेलं नाहीस, मी 15 टाक्यांची रांग धरते. एक गोष्ट तपासून घे: काही पानांच्या नक्षीत काही ओळींत टाके वाढतात आणि पुढच्या ओळींत कमी होतात. तुझी तशी असेल, तर टाके मोजायचे ते नक्षीची पहिली ओळ विणतानाच. इंचाला 6 टाके आणि 8 ओळी, टांगलेल्या नमुन्यावरून, असं धरते.

पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा विणायचा. प्रत्येकात पानांच्या 6 रांगा, म्हणजे 90 टाके. त्यांच्यामध्ये 5 उलट पट्ट्या, प्रत्येकी 4 टाक्यांच्या, म्हणजे 20. दोन्ही कडांना साधे सुलट टाके 5 आणि 5. एकूण 120. खालच्या कडेला दोन्ही भागांना इतकेच टाके घाल. शिवणीत दोन्ही भागांचा कडेचा एकेक टाका जाईल, म्हणजे एकूण 4 वजा. उरलेले 236 टाके साधारण सव्वाएकोणचाळीस इंच भरतात. तुझ्या सीटला ते बरोबर आहे.

इथून दोन्ही भाग सारखे विणायचे नाहीत, आणि तुझ्या बाबतीत हीच सगळ्यांत कामाची गोष्ट आहे. पोट पुढे असलं तरी पाठीची कंबर आत असतेच. पाठीच्या कण्याशी, कंबरेच्या वर, प्रत्येकीला खळगा असतो. तिथे कापड फुगून राहतं, आणि टॉप लोंबल्यासारखा दिसायला तेच जास्त कारण असतं. म्हणून मागच्या भागातून जास्त टाके काढ, पुढच्यातून कमी. ब्लाऊज शिवणारे पाठीला टक्स घालतात तेही याचसाठी.

मागचा भाग असा. पहिले दोन इंच, म्हणजे 16 ओळी, काहीही कमी न करता विण. त्यानंतर आणखी चार ओळी तशाच विणून 21व्या ओळीला दोन्ही कडांच्या साध्या टाक्यांतून एकेक टाका कमी कर. 25व्या ओळीला कडेच्या दोन उलट पट्ट्यांतून एकेक. 29व्या ओळीला त्याच्या आतल्या दोन पट्ट्यांतून एकेक. 33व्या ओळीला मधल्या पट्टीतून एक. मग हेच चक्र पुन्हा: 37ला कडा, 41ला कडेच्या पट्ट्या, 45ला आतल्या, 49ला मधली. सगळ्या पट्ट्या आता दोन-दोन टाक्यांच्या झाल्या, कडा तीन-तीनच्या, आणि सुईवर 106 टाके उरले. एकाच ओळीत सगळ्या पट्ट्यांतून टाके काढलेस तर त्या ओळीवर कापड एकदम आवळल्यासारखं दिसतं. असं पाळीपाळीने काढलंस की उतार सावकाश येतो.

पुढच्या भागात कडा आणि कडेच्या दोन पट्ट्या एवढ्यांतूनच कमी कर, त्याच ओळींना: 21, 25, 37, 41. मधल्या तीन पट्ट्यांना हात लावू नकोस, त्या चार-चार टाक्यांच्याच राहू देत. तिथे 112 टाके उरतील. दोन्ही भागांच्या कडा एकाच ओळींना घटल्यामुळे शिवताना टाक्याला टाका जुळेल.

या सगळ्या ओळी विषम घेतल्या, कारण आपण सुलट बाजू समोर ठेवून विषम ओळी विणतो. पट्टीतला टाका कमी करायचा तो दोन टाके उलट एकत्र विणून. कडेचा करायचा तो पहिला टाका तसाच ठेवून पुढचे दोन सुलट एकत्र, आणि दुसऱ्या कडेला शेवटच्या टाक्याच्या आधीचे दोन. कडेचा पहिला टाका नेहमी मोकळा ठेव, म्हणजे शिवणीला सरळ काठ मिळतो.

50 ते 62 या ओळी सरळ. 56वी ओळ म्हणजे तळापासून सात इंच, ती नाडीवर येते. कंबर एका ओळीपुरती ठेवायची नसते. दीडेक इंच सरळ ठेवलं की टॉप थोडा वर-खाली झाला तरी बिघडत नाही. इथे दोन्ही भाग मिळून 214 टाके राहतात, शिवण जाऊन. म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या किंचित वर. तुझ्या 32च्या कंबरेला साडेतीन इंचांची सैल. आणि तीन इंच खाली, पोटापाशी, टॉप साडेसदतीसच्या वर भरतो. तुझं पोट 36च्या आत असेल तर हेच आकडे चालतील. जास्त असेल, तर पुढच्या भागात कडेच्या पट्ट्यांतून पहिल्यांदा, म्हणजे 25व्या ओळीला, टाके काढू नकोस.

वर जाताना 65व्या ओळीला कडा एकेक टाक्याने वाढव, 69ला कडेच्या पट्ट्या, 73ला आतल्या, 77ला मधली, 81ला पुन्हा कडा. पुढच्या भागात फक्त 65, 69 आणि 81. वाढवताना दोरा पुढे घेऊ नकोस, नको तिथे भोक पडेल; दोन टाक्यांमधला आडवा दोरा सुईवर उचल आणि पिळून विण, पट्टीत असेल तर उलट, कडेला असेल तर सुलट. मागे 115 टाके होतील, पुढे 118. तीन टाके पुढे जास्त आहेत ते बरोबरच आहे, छाती पुढेच असते. शिवण जाऊन छातीला 38 इंच आणि थोडं वर. 112व्या ओळीला मुंढा सुरू कर. छाती सगळ्यांत पुढे येते त्याच्या बऱ्याच आधी पूर्ण रुंदी मिळालेली असते, त्यामुळे टॉप छातीवर वर ओढला जात नाही. वर ओढला गेला की कंबर हलते, हे लक्षात ठेव.

समज, तुला पानं नकोच असतील आणि सलग लाटांची जाळी हवी असेल, तर ही युक्ती चालणार नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथली ‘ओल्ड शेल’ नावाची जुनी जाळी जगभर विणली जाते. आपल्याकडेही खूपजणी लाटांची जाळी म्हणून तीच विणतात. 18 टाक्यांची नक्षी: तीनदा दोन एकत्र, मग सहा वेळा दोरा पुढे आणि एक सुलट, मग परत तीनदा दोन एकत्र. सहा टाके कमी, सहा वाढ, हिशोब जुळला. यात मध्ये पट्टी घातली की लाट तुटते, आणि नक्षीच लहान करायला गेलं की कंबरेच्या लाटा खालच्या लाटांशी जुळत नाहीत. अशा जाळीला सुई बदल. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते: 10 नंबर म्हणजे 3.25 मिलिमीटर, 11 म्हणजे 3, 12 म्हणजे 2.75. 10 नंबरवर विणत असशील तर कंबरेच्या दोन इंच आधी 11 घे, कंबरेला 12 घे, आणि त्याच क्रमाने परत 10वर ये. 12 नंबरवर इंचाला सहाऐवजी साडेसहा टाके बसले, तर 114 टाक्यांची रुंदी 19 इंचांवरून साडेसतरावर येते. पुढे-मागे मिळून तीन इंच. एकही टाका कमी न करता! फक्त 12च्या पलीकडे जाऊ नकोस, सूत आवळून कापड ताठ होतं आणि भोकं बुजतात. यातही ओळी दाट होतात, तेव्हा 12 नंबरवरचा नमुनाही टांगून मोज.

कंबरेला एक सुलट एक उलट विणून पट्टा करावा असं कुणीतरी तुला सुचवेलच. लोकरीच्या स्वेटरला ते छान दिसतं. सुतात चार धुण्यांत तो पट्टा सैल पडतो, आणि सैल पडायच्या आधी पोटाच्या बरोबर वर आडवी रेघ मारतो. तुझ्यासाठी नको.

सुताबद्दल थोडं. महाद्वार रोडवर रंग बघून ॲक्रिलिक घ्यायचा मोह होईल. ते हलकं असतं, फार लोंबत नाही, हे खरं. पण कोल्हापुरात दिवाळीच्या दुपारी त्यात घाम येतो, आणि चुकून गरम इस्त्री फिरली तर कापड कायमचं लुळं पडतं. मर्सराइज्ड सूत चमकतं, पान उठून दिसतं, मी तेच घेईन. इचलकरंजी आपल्याला जवळ. तिथलं कोनवरचं सूत स्वस्त पडतं, पण ते कापड विणायच्या मागासाठी काढलेलं, फार बारीक असतं. तिथे दोन पदरी 20 नंबर म्हणतात ते सूत चार-पाच पदर एकत्र घेतलंस तर साधारण विणकामाच्या फोर-प्लाय दोऱ्याची जाडी येईल. विणायच्या आधी त्याच्या लडी करून गरम पाण्यातून काढ. कच्चं सूत आटतं, आणि आटायचं ते टॉप झाल्यावर आटायला नको. गाठी मारून पदर जोडू नकोस, जाळीत गाठ लपत नाही.

विणून झालं की धुऊन सतरंजीवर पसर आणि टाचण्या लाव. इथे खूपजणी सगळी मेहनत वाया घालवतात: छाती आणि तळ ताणून टाचण्या लावतात, आणि कंबरही त्याच सरळ रेषेत ओढतात. तसं करू नकोस. वर्तमानपत्रावर टॉपची बाह्यरेषा मापाने काढ, त्यावर जुनी ओढणी अंथर म्हणजे शाई लागणार नाही, आणि त्या रेषेवर टाचण्या लाव. कंबरेला टाचणी हलकीच, पानं उघडतील इतपतच. अजून पाऊस सुरू असेल तर पंख्याखाली वाळव; आपल्या हवेत जाड सूत दोन-दोन दिवस ओलं राहिलं तर वास धरतं.

आता घरात पडून असलेले दोन टॉप. टेलरकडे नेऊ नकोस. त्यांचा हात कापडावर बसलेला आहे, ते शिलाई मारून उरलेलं कापतील, आणि हाताने विणलेलं कापलं की टाके सुटत जातात. शिवाय मशीनखाली जाळी ताणली जाऊन कड लहरत राहते. पहिला, सरळ टॉप तू घरीच सुधारू शकतेस. उलटा घालून कंबरेला खूण कर. दोन्ही कडांना त्याच सुताने हाताने बखिया घाल, कंबरेशी अर्धा इंच आत, आणि वर-खाली तीन-तीन इंचांत हळूहळू मूळ शिवणीला मिळव. दोन्ही बाजू मिळून दोन इंच कमी होतील. काहीही कापू नकोस. मग त्याच सुताची क्रोशाने साखळीची दोरी कर आणि फक्त पाठीकडे, कंबरेच्या उंचीवरच्या पानांच्या भोकांतून ओवून मागे गाठ मार. पुढे दोरी आणू नकोस. पाठीचं फुगलेलं कापड आवळलं गेलं की तोच टॉप वेगळा दिसेल, करून बघ की.

दुसरा मात्र उसवावा असं माझं मत आहे. पानं मोडलेला टॉप तू आवडीने घालणार नाहीस, आणि सूत चांगलं आहे. उसवून लडी कर, धुऊन, खाली थोडं वजन लावून वाळव, म्हणजे कुरळेपणा जाईल. तिसऱ्याला ते पुरेल. आत स्लिप घालशील तो सुताच्या रंगाचा नको, तुझ्या अंगाच्या रंगाजवळचा घे. पानं त्यावरच उठून दिसतात. आणि टॉपची लांबी सीटच्या सगळ्यांत रुंद जागेवर संपवू नकोस. वरच्या हिशोबात ती कंबरेखाली सात इंच धरली आहे. आरशासमोर उभी राहून बघ, आणि रुंद जागा तिथेच येत असेल तर पहिल्या 16 ओळींतल्या आठ वजा कर, म्हणजे कड इंचभर वर जाईल. मग पुढचे सगळे ओळींचे आकडेही आठाने कमी होतील.

नमुना टांगून झाला की इंचाला किती ओळी निघाल्या ते, पोटाचं माप आणि तुझ्या पानाचे टाके, एवढं लिहून पाठव. आकडे वेगळे आले तर पुढच्या आठवड्यात तुला नवा हिशोब मांडून देते. टाके त्यानंतर घाल.